मागचा पिवळा तुकडा

धाराशिव शहर जिथं संपतं आणि डोंगर सुरू होतो, तिथं पूर्वी शिवशरण आप्पांचं रान होतं. खडकाळ, हलकं, हुलग्याशिवाय दुसरं काही न देणारं. पुढं शहर वाढत वाढत बांधाशी आलं. रानाचे प्लॉट पडले, मुरमाचे रस्ते झाले, विजेचे खांब उभे राहिले. आप्पांनी सगळं विकलं, पण डोंगराच्या कडेचे दोन तुकडे राखले. पुढच्या तुकड्यात पोरानं घर बांधलं. मागच्यात आप्पा स्वतः बसले.

लिंगायतांत माणूस जाळत नाहीत. खड्डा घेतात, अंगाला विभूती लावतात, हातात इष्टलिंग देतात आणि मांडी घालून बसवतात. आप्पांनाही तसंच बसवलं, तोंड घराकडं करून. वर एक काळा दगड आणि पुढं वितीएवढा नंदी. म्हणून त्यांची बायको शांतम्मा कधी "मालक गेले" असं म्हणत नसे. "ह्ये मागं बसल्यात," म्हणायची. नवं माणूस ऐकून मागच्या दाराकडं बघायचं.

आणि खरं सांगायचं तर बघण्यासारखं काहीतरी तिथं होतंही.

मागच्या पडवीत आप्पांची बाज होती, सुंभानं विणलेली. दुपारी पोरगा दुकानात, नात शाळेत, सून भुवनेश्वरी शिवणाच्या मशीनवर, घर असं निवांत झालं की ती बाज वाजायची. एकदाच. माणूस टेकल्यावर वाजते तशी. शांतम्मा तिथंच भाजी निवडत बसलेली असायची. ती मान वर करत नसे. नुसतं म्हणायची, "आज मेथी हाय." कधी पोराची तक्रार सांगायची, कधी सुनेचं कौतुक. बोलून झालं की उठायची.

भुवनेश्वरीनं एकदाच त्या बाजेवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. दुपारी हलवायला गेली तर मधल्या मिरच्या बाजूला सरलेल्या आणि सुंभ खाली दबलेला. ती बघत उभी राहिली तसा सुंभ हळूहळू वर आला. तिनं मिरच्या गोळा केल्या, गच्चीवर नेल्या आणि परत त्या बाजेला हात म्हणून लावला नाही. सासूला विचारलंही नाही. काय विचारणार? सासू रोज त्या बाजेशी बोलते हे तिला मशीनवर बसल्या बसल्या ऐकू यायचं.

पोरगा महांतेश, त्याचं शहरात पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीची तार काढायची, नवी गुंडाळायची. हाताचा पक्का, पण घरात काही काम काढायचं म्हटलं की आईकडं बघायचा. कारण त्या घराची एक रीत पडली होती. कुठलंही काम असो, बोअर घ्यायची, पत्र्याचं शेड मारायचं, पाण्याची काळी टाकी कुठं ठेवायची, आधी समाधीला कौल लावायचा. बेलाची दोन पानं पाण्यात बुडवून दगडाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायची, काय करायचंय ते मोठ्यानं सांगायचं आणि थांबायचं. उजवं पान पडलं तर करा. डावं पडलं तर नको. बोअरच्या वेळी महांतेश मनात हसला होता. पण आप्पांनी दाखवल्या जागी पाणी लागलं, आणि शेजारचे दोघं कोरड्या भोकात पाईप घालून बसले. तेव्हापासून तो हसायचा बंद झाला.

डोंगराला मात्र कुणाला विचारावं लागत नाही. संक्रांत सरली की तो वाळतो. कुसळी गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, ते आधी तांबूस, मग पिवळं, मग पांढरं पडतं. मग कुठं मेंढक्याची बिडी, कुठं मध काढणाऱ्याचा टेंभा, कुठं वरातीतला बाण, आणि वणवा लागतो. रानं होती तोवर त्याचं भय कमी होतं. आता घरं त्याच्या तोंडाशी गेली होती. म्हणून वस्तीनं एक धडा घेतला होता. माघात, वारा पडलेला बघून, प्रत्येकानं आपापल्या घरामागचं गवत आपल्या हातानं जाळायचं. काळा पट्टा तयार झाला की वरून येणारी आग तिथं येऊन उपाशी मरते.

त्या वर्षी सगळ्या ओळीनं पट्टे जाळले. काळ्या पट्टीत मधेच एक पिवळा तुकडा उभा राहिला, तो शांतम्माच्या घरामागचा.

कारण तो तुकडा आप्पांचा. समाधीच्या जागेत लोखंड चालवायचं नाही, हे शांतम्माच्या सासूनं घालून दिलेलं. विळा नाही, कुदळ नाही. दरवर्षी दिवाळीनंतर शांतम्मा स्वतः तिथलं गवत हातानं उपटायची. पण गेल्या पावसाळ्यात तिला चिकनगुनिया झाला आणि मनगटं अशी धरली की भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं. सून म्हणाली, "आत्याबाई, म्या उपटते." तर म्हातारी म्हणाली, "माझ्या माणसाची जागा हाय. मला अजून हात हायत." आणि गवत वाढत राहिलं. दगड दिसेना, नंदी दिसेना.

एका रविवारी महांतेश मागं जाऊन उभा राहिला. गवत त्याच्या छातीला लागत होतं.

"आव्वा," तो आत येऊन म्हणाला, "जाळावं लागंल."

"काय जाळावं लागंल?"

"मागचं."

"मागं कोण हाय?"

त्यानं मागच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाला, "आप्पाला काय होतंय? दगड हाय वर. खाली माती हाय."

"आपल्यात आग देत न्हाईत," शांतम्मा म्हणाली. "मातीला दिलेलं माणूस आगीला देऊ न्हाय. तुला काय करायचं ते त्यांनाच इचार."

विचारलं. शांतम्मानं गवत बाजूला सारून वाट केली, पानं बुडवली, चिकटवली. महांतेशनं हात जोडून सांगितलं, "आप्पा, पट्टा जाळायचाय. घराला धोका हाय."

थांबले. ऊन चढलं. पानं पडेनात. पाणी वाळलं तरी पडेनात. दुपारी येऊन बघितलं, संध्याकाळी बघितलं. पानं वाळून, वळून, दगडाला तशीच धरून राहिली, जणू कुणी आतून धरलीत. पुढच्या सोमवारी नवी पानं लावली. तीही तशीच वाळली. जुनी अजून तिथंच होती.

शेजारच्या मथुराबाईला हे कळलं तेव्हा ती भिंतीवरून हसली. मथुराबाई आणि तिचा नवरा बब्रुवान तिकडं तेरच्या बाजूचे, आधी नदीकाठची काळी जमीन करणारे, आता पोराच्या नोकरीमागं इथं आलेले. तोंडाची बाई फटकळ, पण मायेची.

"अगं शांतम्मा, तुझा नवरा जित्तेपणी तरी कधी व्हय का न्हाय बोलला का? लग्नात जेवायला वाढू का म्हटलं तरी ताटाकडं बघत बसायचा. आता मेल्यावर कुठनं बोलंल?"

"तुमचा तरी बोलायला लागला की थांबतोय का?" शांतम्मा म्हणाली.

"त्यो? त्यो झोपंत पण सल्ला देतोय." मथुराबाईनं हसता हसता मागं बघितलं आणि तिचं हसू उतरलं. "पर खरं सांगते, हसण्यावारी नेऊ नको. ती कुसळी बघायला म्या राती दोनदा उठते. तुझ्या घराला लागली तर माझ्या घराला काय सांगून येती का?"

शांतम्मानं मान हलवली. भय तिलाही होतं. पण दोन्हीकडून, आग येण्याचंही आणि आग देण्याचंही.

त्याच आठवड्यात बाज फिरू लागली.

ती आडवी असायची, भिंतीला लागून. एका दुपारी शांतम्मा मागं आली तर बाज उभी वळलेली, उशाकडची बाजू घराकडं आणि पायथा डोंगराकडं. म्हणजे निजलं की डोळ्यांसमोर डोंगर. तिला वाटलं सुनेनं झाडताना फिरवली. पण सून बाजेला हात लावत नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं परत भिंतीला लावली. दुसऱ्या दुपारी पुन्हा तसंच. रात्री बाज हलत नसे, सकाळी हलत नसे. ऊन पार तापलं, डोंगरावरची हवा पाण्यासारखी थरथरायला लागली, की बाज वळलेली असायची आणि एकदा वाजायची.

"काय बघताव?" शांतम्मानं विचारलं. "आग यायलीय का?"

सुंभ दबलेला होता, आणि त्या दिवशी तो लवकर वर आला नाही. तिला वाटलं, ह्ये भ्याल्यात. मग वाटलं, ह्ये निघाल्यात. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट हे तिचं तिला ठरवता येईना. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला आप्पांचं कधी भय वाटलं नव्हतं. त्या दुपारी तिनं पहिल्यांदा मागचं दार लोटून घेतलं. लोटलं आणि स्वतःच दाराला पाठ लावून रडली, की आपणच ह्यांना बाहेर ठेवलं.

नात श्रीदेवीनं विचारलं, "आज्जी, आज्जा रागवलाय का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. मागं गेलं की कान गरम होत्यात."

संध्याकाळी महांतेश म्हणाला, "आव्वा, होळी आली. आता वारा सुटंल. उद्याच मी जाळतो. कौल मिळो न मिळो."

"रविवारपर्यंत थांब," शांतम्मा म्हणाली. "सोमवारी त्यांनी सांगितलं न्हाय, पर शनवारपर्यंत सांगतील. तवर मी स्वतः उपटती."

"ह्या हातानं?"

"हात माझे हायत."

तो थांबला. आईपुढं आणि बापाच्या दगडापुढं एकदम उभं राहायची त्याची छाती नव्हती. दुसऱ्या सकाळी शांतम्मा खरंच गवतात बसली. भुवनेश्वरीही न विचारता येऊन शेजारी बसली आणि म्हातारीनं ह्या खेपेला तिला हाकललं नाही. दोघींनी ऊन चढेपर्यंत उपटलं. कुसळं लुगड्यात घुसली, बोटं चिरली. उठून बघितलं तर घोंगडी अंथरण्याएवढी जागा मोकळी झाली होती.

आग शुक्रवारी आली.

आधी घारी आल्या. डोंगराच्या माथ्यावर गोल गोल फिरायला लागल्या, कारण आगीपुढं पळणारे टोळ आणि उंदीर त्यांना आयते मिळतात. मग धूर, आधी पातळ, दुधासारखा, मग पिवळा, जाड. मग आवाज. कुसळी पेटली की फुटाणे भाजल्यासारखी तडतडते, पण एवढा डोंगर एकदम पेटला की तडतड राहत नाही, नुसता घोंघाट होतो, पूर आलेल्या ओढ्यासारखा. वारा खाली वस्तीकडं होता.

वस्तीत पळापळ झाली. भुवनेश्वरीनं शाळेतून आलेल्या श्रीदेवीला मथुराबाईबरोबर रस्त्यापलीकडं धाडलं, गॅसची टाकी ओढत पुढं आणली, महांतेशला फोन लावला, तर तो मोटार पोचवायला बाहेरगावी गेलेला. बंबालाही कुणीतरी फोन केला होता. तो निघाला होता. पण शहराच्या गर्दीतून इथवर यायचं म्हणजे वेळ होता, आणि आगीला वेळ नव्हता.

शांतम्मा पडवीत उभी होती. बाज डोंगराकडं वळलेली होती. सुंभ सपाट होता. बाजेवर कुणी नव्हतं.

बब्रुवान ओली पोती घेऊन भिंतीवरून उतरला. त्यानं वर बघितलं आणि पोती खाली टाकली.

"पोत्यानं मरणारी आग न्हाय ही," तो म्हणाला. "दोन्हीकडं काळं हाय. ती दोन्हीकडं थांबंल आन् ह्या तुकड्यातनं आत घुसंल. घर गेलं, शेड गेलं, मग ओळ गेली. एकच वाट हाय. भिंतीकडनं आपणच लावायची. ही वर जाईल, ती खाली येईल. तिचं खाणं हिनं आधीच खायचं."

भुवनेश्वरीनं मोटार चालू करून पाईप आणला आणि घराची भिंत, शेडचे पत्रे भिजवायला लागली. बब्रुवाननं खिशातून काडेपेटी काढली. गवतापर्यंत गेला. वाकला. आणि तसाच उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमच्या माणसाची जागा हाय. आमच्यात आग देत्यात, तुमच्यात देत न्हाईत. म्या परका. म्या कसा लावू?"

भुवनेश्वरीनं पाईप टाकला. "द्या हिकडं काका. आत्याबाई, म्या लावते. पाप मला लागू द्या."

"तू न्हाय," शांतम्मा म्हणाली. ती पडवीतून उतरली. "तुला अजून ह्या घरात नांदायचंय. उद्या कुणी म्हणायला नको, सुनंनं सासऱ्याला जाळलं."

तिनं काडेपेटी घेतली. मनगटं दुखत होती. पहिली काडी मोडली, दुसरी विझली. वरचा धूर आता अंगावर आला होता. त्यातून ऊन तांबडं दिसत होतं. एक ससा तिच्या पायाशेजारून, माणसांना न भिता, घराकडं पळून गेला.

गवतात दगड दिसत नव्हता. पण कुठं आहे हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. तिकडं बघून ती बोलली, भाजी निवडताना बोलायची तसं, फार मोठ्यानं नाही.

"उठा हो. बाजूला व्हा. म्या लावतेय."

वारा खाली येत होता. गवत सगळं घराकडं वाकलेलं होतं. आणि त्या वाकलेल्या गवतात, दगड होता तिथून, एक रेघ उलटी वाकली. माणूस गवतातून चालत गेल्यावर वाट पडते तशी. ती हळूहळू वर सरकत गेली. घराकडं नाही, डोंगराकडं. भुवनेश्वरीनं ती बघितली. बब्रुवाननंही बघितली, त्यानं टोपी काढून हातात धरली. नंतर तो म्हणायचा, आग अशी समोरून आली की वारा मधेच उलटतो, मी लई वेळा बघितलंय. पण टोपी का काढली हे त्याला कुणी विचारलं नाही.

शांतम्मानं तिसरी काडी ओढली आणि गवताला लावली.

कुसळी जणू वाटच बघत होती. भप्प करून उठली. भुवनेश्वरीनं सासूला दंडाला धरून मागं ओढलं. भिंतीकडून निघालेली आग आधी लहान, बिचकत, मग वरच्या आगीनं ओढून घेतल्यासारखी पळत वर गेली. दोन्ही आगींची तोंडं तुकड्याच्या वरच्या बांधापाशी एकमेकींना भिडली. ज्वाळा घरापेक्षा उंच गेली, आणि मग एकदम तिच्याखाली काही उरलं नाही. जसा घोंघाट आला होता तसा तो थांबला. कान बधिर झाल्यासारखे झाले. काळी राख वरून सगळ्यांच्या डोक्यावर पडत राहिली, हलकी, सावकाश.

घर वाचलं. शेडच्या एका पत्र्याचा रंग गेला, तेवढंच. बंब आला, त्यानं बांधावरची धग विझवली. माणसं भली होती, चहा पिऊन गेली. मथुराबाई श्रीदेवीला कडेवर घेऊन आली, एवढी मोठी पोर. तिनं शांतम्माच्या डोक्यावरची राख पदरानं झाडली.

महांतेश आला तेव्हा दिवस कलला होता. गाडी रस्त्यातच टाकून तो मागं धावला. सगळा तुकडा काळा होता. मधे दगड उघडा पडला होता, नंदी उघडा पडला होता, कित्येक महिन्यांनी दोघं दिसत होते. दगडावरची पानं नव्हती.

"कुणी लावली?" त्यानं विचारलं.

बब्रुवान जमिनीकडं बघायला लागला.

"म्या," शांतम्मा म्हणाली.

महांतेशनं आईकडं बघितलं. त्याला खूप काही म्हणायचं होतं. मी आधीच केलं असतं तर तुझ्यावर ही पाळी आली नसती, असं काहीतरी. पण आईच्या चेहऱ्यावर त्यातलं काही घ्यायला जागा नव्हती. तो आत गेला, घागर भरून आणली आणि समाधी धुवायला निघाला.

"पाणी घालू नको," शांतम्मा म्हणाली.

"का?"

"घालू नको म्हटलं."

ती अनवाणी गेली. राखेत पाय भाजत होते, पण पायांना काही कळत असल्यासारखं ती चालली नाही. दगडापाशी बसली आणि तळहात ठेवला.

आप्पांचा जीव सोलापूरच्या दवाखान्यात गेला होता. गाडीतून घरी आणले तेव्हा, रात्रभर बर्फात राहून, अंग लाकडासारखं थंड झालेलं. जाताना तिला त्यांना शिवताच आलं नव्हतं. आणि त्यानंतर ह्या दगडाला तिनं कितीदा हात लावला असेल, चैत्राच्या उन्हातसुद्धा, तो कायम गारच लागायचा.

आता तो ऊन लागत होता. चटका बसेल असा नाही. ताप आलेल्या माणसाची पाठ लागते तसा.

तिनं दुसराही हात ठेवला. मागं पडवीत बाज होती. कुणीतरी घाईत तिच्यावर गाद्या, उशा, शाळेचं दप्तर टाकलं होतं, आणि ती वाजत नव्हती. शांतम्मानं वळून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. पाठीमागचं घर तिला पाठीनंच कळत होतं, आणि त्यात आता तिला धरून चारच माणसं होती.

अंधार पडायला लागला. डोंगरावर कुठं कुठं बुंधे धुमसत होते, त्यांचे लाल ठिपके दिसत होते. भुवनेश्वरीनं पिठलं-भाकरी केली, सगळ्यांची ताटं घेतली आणि मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, चला. सकाळधरनं पोटात काही न्हाय तुमच्या."

"तुमी जेवा."

"किती वेळ बसणार तिथं?"

शांतम्मानं दगडावरचे हात उचलले नाहीत. आवाज अगदी साधा होता, घरात कुणी निजलेलं असताना बोलावं तसा.

"ह्येंचं अंग अजून ऊन हाय," ती म्हणाली. "ऊन असंपतोर माणसाला एकटं सोडत न्हाईत."

भुवनेश्वरीनं आत जाऊन सासूचं ताट झाकून ठेवलं.